जात केस डायरीत का सापडत नाही? खैरलांजीचा तपास आणि आपण



दर वर्षी २९ सप्टेंबर आला की मोबाईलवर खैरलांजीचे स्टेटस सुरू होतात. मेणबत्त्या, निळे झेंडे, चार फोटो आणि खाली ‘विसरणार नाही’. आम्हीही ठेवतो. भंडारा जिल्ह्यात राहून न ठेवणं जमत नाही. पण गेली काही वर्षं एक गोष्ट टोचते. खैरलांजीत काय झालं हे आपल्या वस्तीतल्या पोराला विचारा, तो सांगेल. खैरलांजीचा तपास कसा झाला हे विचारा, तर बरेचसे कार्यकर्तेही ‘पोलीस विकले गेले’ या एका वाक्यावर थांबतात. हे वाक्य चुकीचं आहे असं नाही. ते आळशी आहे. पोलीस विकले गेले म्हटलं की पुढचं काही शिकायची गरज उरत नाही, आणि पुढच्या वेळी ठाण्यात गेल्यावर आपण पुन्हा तिथेच उभे राहतो.

थोडी उजळणी करू, कारण आज कॉलेजात असलेल्यांपैकी कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. गावात आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी. भैयालाल आणि सुरेखा भोतमांगे यांची स्वतःची शेती होती, मुलं शिकत होती, आणि त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावातल्या लोकांशी वाद होता. ३ सप्टेंबर २००६ ला या कुटुंबाच्या बाजूने उभे राहणाऱ्या, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली. सुरेखाबाई आणि प्रियंका या मायलेकींनी मारणाऱ्यांना ओळखलं आणि तसं पोलिसांना सांगितलं. २९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली, त्याच दिवशी जामीन झाला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर गेला. सुरेखा, सुधीर, रोशन, प्रियंका. चौघांचे मृतदेह कालव्यात मिळाले. भैयालाल तेवढे वाचले.

जामिनावर सुटलेले लोक साक्षीदारांच्याच गावात परतणार, हे त्या दिवशी ठाण्यात कुणाला कळलं नसेल? साक्षीदार बायका आहेत, आपल्या समाजाच्या आहेत, गावात त्यांच्या मदतीला कुणी नाही. एक शिपाई त्या घरासमोर बसवला असता. तपासाची पहिली चूक ही हत्या होण्याच्या आधीचीच आहे, आणि तिची चर्चा आपण सगळ्यात कमी करतो.

दुसरी चूक शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली. प्रियंकाचा मृतदेह विवस्त्र अवस्थेत सापडल्याचं त्या वेळच्या अहवालांत नोंदलेलं आहे. अशा वेळी डॉक्टरने काय तपासायचं, कोणते नमुने घ्यायचे, हे वैद्यकीय शिक्षणात शिकवतात. लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने जी तपासणी व्हायला हवी होती ती पहिल्या शवविच्छेदनात झाली नाही. बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांनी पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासणी केली. ऑक्टोबरातली ओली माती, आधी पाण्यात राहिलेली शरीरं. त्यातून काय निघणार होतं? काही पोलीस आणि वैद्यकीय अधिकारी निलंबित झाले. निलंबनाने नमुने परत येत नाहीत.

नोव्हेंबरात विदर्भ पेटला. नागपूर, अमरावती, भंडारा. आम्ही तेव्हा अकरावीत होतो, मोर्चात शेवटच्या रांगेत. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली होती, हे लक्षात ठेवा. चार खुनांचा तपास ढिला आणि रडणाऱ्यांचा तपास मात्र तत्पर! त्याच महिन्यात प्रकरण सीबीआयकडे गेलं. डिसेंबरअखेर ११ जणांवर दोषारोपपत्र दाखल झालं. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने १५ सप्टेंबर २००८ ला ८ जणांना दोषी धरलं, ३ सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले, खोटं कशाला बोला.

पेढे खाताना निकालात काय लिहिलंय हे फार थोड्यांनी वाचलं. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं सिद्ध झाली नाहीत. विनयभंगाचं कलम सिद्ध झालं नाही. कट सिद्ध झाला नाही. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली आणि हत्या सूडातून झाल्याचं धरलं. म्हणजे कागदावर खैरलांजी हे जातीय हत्याकांड नाही. चार माणसं मारली गेली, गावाने मारली, आणि जात तिथे नव्हती!

इथे आपले लोक न्यायाधीशांवर तुटून पडतात. आमचाही त्या निष्कर्षाशी वाद आहे. सूड कशाचा? आपल्या समाजाच्या दोन बायकांनी गावातल्या वरचढ लोकांची नावं पोलिसांना सांगितली, याचा. त्याच बायका त्या लोकांच्या जातीच्या असत्या तर समेट झाला असता, भाऊबंदकी झाली असती, फार तर डोकी फुटली असती. अख्खं घर संपवायला जमाव गेला नसता. सूड आणि जात ही दोन वेगळी कारणं आहेत असं मानणं हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही पटणार नाही. कुणाला धडा शिकवला तरी चालतो, हे गावात जातच ठरवते.

पण हे सगळं न्यायालयात सांगायला फाईलमध्ये काय होतं? न्यायाधीश गावात राहत नाही. त्याच्यासमोर येतो तो कागद. आणि तो कागद पहिल्या दोन-चार दिवसांत ठाण्यातल्या टेबलावर तयार होतो. सीबीआय आली तोपर्यंत कालव्याचं पाणी वाहून गेलं होतं आणि बयाणं लिहून झाली होती.

हा कागद कसा तयार होतो, ते जरा सविस्तर सांगतो. गेली काही वर्षं आमचं अर्धं काम यातच जातं.

फिर्यादी रडत, घाबरत बोलतो. तो क्रमाने बोलत नाही. मुन्शी क्रमाने लिहितो. फिर्यादी म्हणतो, ‘त्यांनी आम्हाला अमुक-तमुक म्हटलं, बाबासाहेबांना शिवी दिली, तुमची लायकी काय म्हणाले.’ कागदावर उतरतं, ‘अश्लील शिवीगाळ केली.’ फिर्यादी म्हणतो, ‘आम्ही त्यांच्या विहिरीवर गेलो म्हणून.’ कागदावर उतरतं, ‘पाण्याच्या जुन्या वादातून.’ शेतीच्या वादातून, प्रेमप्रकरणातून, दारूच्या नशेत, निवडणुकीच्या रागातून. ठाण्यात अशा तयार कारणांचा साठा असतो आणि प्रत्येक गुन्हा त्यातल्या एका खणात बसवला जातो. वर्तमानपत्रातली बातमीही त्याच खणातून निघते. मुन्शी दरवेळी दुष्ट असतो असं नाही. त्याला खरंच वाटतं की वाद शेतीचा आहे. ज्याला जात सोसावी लागली नाही त्याला ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तो लिहीत नाही.

मग दोन वर्षांनी खटला उभा राहतो. साक्षीदार कोर्टात जातिवाचक शिव्या सांगतो. बचावाचा वकील उठतो आणि फक्त एवढंच विचारतो, ‘हे तुम्ही पोलिसांना दिलेल्या जबाबात सांगितलं होतं का? त्यात तर नाही.’ संपलं. पहिल्या जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात आली की ती नंतर रचलेली ठरते. साक्षीदार खरं बोलूनही खोटा पडतो. आणि हा जबाब साक्षीदाराच्या सहीशिवायचा असतो, कायद्यानेच. त्याने काय सांगितलं आणि काय लिहिलं गेलं यातलं अंतर दाखवायला त्याच्याकडे काहीही नसतं.

पंच घ्या. घटनास्थळाचा पंचनामा करायला पंच लागतात, आणि ते गावातले प्रतिष्ठित घेण्याची सवय आहे. प्रतिष्ठित म्हणजे कोण हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. आरोपीच्या भावकीतला माणूस पंच म्हणून सही करतो आणि कोर्टात सांगतो, ‘कोऱ्या कागदावर सही घेतली.’ जप्ती गेली.

आणि साक्षीदार. गावात मजुरी कुणाच्या शेतात करायची, दूध कुणाला घालायचं, दुकानातून उधार कोण देणार? मुंबई इलाख्यात १९२८ साली नेमलेल्या स्टार्टे समितीवर बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं हत्यार किती परिणामकारक आहे हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे कायदे झाले, संविधान आलं, पण खर्ड्यात काय झालं? नितीन आगेची हत्या २८ एप्रिल २०१४ ची, दिवसाढवळ्या, शाळेपासून सुरू झालेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये साक्षीदार एकामागून एक फितूर होऊन आरोपी सुटले. त्याच नगर जिल्ह्यातलं सोनई घ्या. मेहतर समाजाच्या तीन तरुणांची जानेवारी २०१३ मध्ये हत्या झाली. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नव्हता. खटला नाशिकला हलवला, परिस्थितीजन्य पुरावा एकाला एक जोडत नेला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. फाशी हवी की नको हा वेगळा वाद आहे, आम्ही व्यक्तिशः फाशीच्या बाजूचे नाही. इथे मुद्दा पुराव्याचा आहे. साक्षीदार गावाच्या दयेवर सोडला की खर्डा होतं. पुरावा साक्षीदाराच्या जिभेवर न सोडता बाहेरून बांधला की सोनई होतं.

आता एक कडू गोष्ट. ती लिहिली की आमच्याच ग्रुपवर आम्हाला शिव्या पडतात, तरी लिहितो.

खैरलांजीच्या तपासाच्या साखळीत आपल्या समाजातले अधिकारीही होते. आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवरच्या पुस्तकात हे आडपडदा न ठेवता मांडलं आहे. आपल्याकडे उपाय म्हणून पहिलं वाक्य येतं ते, ‘ठाण्यात आपला माणूस पाहिजे.’ पाहिजे, नक्की पाहिजे, प्रतिनिधित्व हा हक्क आहे. पण खाकी घातलेला आपला माणूस त्याच मुन्शीच्या हाताखाली शिकतो, तेच खण वापरतो, आणि वरून त्याला ‘हा आपल्या लोकांची बाजू घेतो’ हा ठपका टाळायचा असतो. कधी कधी तो इतरांपेक्षा जास्त थंड वागतो. त्याच्या बदलीची फाईल कुणाकडे असते हे त्याला ठाऊक असतं. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने खुद्द बाबासाहेबांना हरवून आपल्याच समाजातला काँग्रेसचा उमेदवार निवडून दिला होता. नुसत्या जन्माने माणूस आपला होत नाही, हे या जिल्ह्याला कुणी नव्याने सांगायला नको.

लंडनचं एक प्रकरण या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. २२ एप्रिल १९९३ ला स्टीफन लॉरेन्स नावाच्या १८ वर्षांच्या काळ्या मुलाला बसस्टॉपवर गोऱ्या टोळक्याने भोसकून मारलं. नावं पोलिसांपर्यंत लगेच पोचली, पण अटका व्हायला दोन आठवडे लागले. सोबतच्या मित्राला पोलिसांनी पीडित म्हणून नीट वागवलंही नाही. आईवडील लढत राहिले. १९९९ मध्ये मॅकफर्सन चौकशीचा अहवाल आला आणि त्याने म्हटलं की प्रश्न दोन-चार वाईट पोलिसांचा नाही, संस्थेच्या कामाच्या पद्धतीतच वंशभेद आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात द्वेष नसला तरी त्याच्या हातून भेदभाव होतो. त्याच अहवालाने अशी शिफारस केली की पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही एखादी घटना वंशद्वेषी वाटली तर पोलिसांनी ती तशीच नोंदवावी. सिद्ध होईल की नाही ते पुढे बघावं. २०१२ मध्ये कपड्यांवरच्या रक्ताच्या सूक्ष्म डागावरून आणि धाग्यांवरून दोघांना शिक्षा झाली. १९ वर्षांनी, कारण कपडे जपून ठेवलेले होते.

आपल्याकडे खैरलांजीवर चौकश्या झाल्या, अहवाल झाले. पण महाराष्ट्राच्या पोलीस खात्याला त्याच्या कामाच्या पद्धतीत जात आहे हे कबूल करायला कुणी लावलं नाही.

कायदा मात्र बदलला, आणि हे आपल्या तरुणांना तोंडपाठ पाहिजे. खैरलांजीच्या वेळी ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) मध्ये गुन्हा पीडिताच्या जातीच्या ‘कारणावरून’ घडला हे दाखवावं लागत होतं. त्या एका शब्दावर देशभर किती खटले पडले असतील! २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, आरोपीला पीडिताची जात ‘माहीत असताना’ एवढं पुरेसं केलं. आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर जात माहीत होती असं न्यायालयाने गृहीत धरायचं, हे कलम ८ मध्ये आलं. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटन जमाल वली प्रकरणात जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, जात आणि इतर कारणं एकत्र असू शकतात, हेही सांगितलं. पण त्याच प्रकरणात ॲट्रॉसिटीची शिक्षा रद्द झाली, कारण फाईलमध्ये पुरावा नव्हता. पुन्हा तेच. तत्त्व आपल्या बाजूने आणि कागद आपल्या विरुद्ध.

याच दुरुस्तीने कलम ४ मध्ये सरकारी नोकराची कर्तव्यं लिहिली. तोंडी फिर्याद लिहून घेणं, सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं, प्रत देणं, ६० दिवसांत तपास करून दोषारोपपत्र दाखल करणं. जाणूनबुजून टाळलं तर सहा महिने ते एक वर्ष कैद. १९९५ च्या नियमांतला ७ वा नियम म्हणतो की तपास अधिकारी निवडताना त्याचा अनुभव आणि प्रकरणाचा अर्थ ओळखण्याची न्यायबुद्धी पाहावी. न्यायबुद्धी! हा शब्द वाचून आम्ही प्रशिक्षणात नेहमी थांबतो, लोक हसतात. १७ व्या नियमाप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची तीन महिन्यांतून किमान एक बैठक व्हायला हवी. आपल्या संघटनांपैकी किती जणांनी माहिती अधिकारात तिचं इतिवृत्त मागितलं आहे?

२० मार्च २०१८ ला कऱ्हाडच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी परवानगी. २ एप्रिलला देश बंद पडला, ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणलं. ते रस्त्यावर मिळवलं. पण ‘खोट्या केसेस’ हा जो आरडाओरडा त्या निकालामागे होता तो कुठून येतो? सुटलेल्या आरोपींच्या आकड्यांतून. आणि आरोपी सुटतात त्यातले कित्येक मुन्शीच्या टेबलावर सुटलेले असतात. तपास बिघडवायचा, मग सुटका दाखवायची, मग सुटकेवरून कायदाच खोटा ठरवायचा. हे चक्र ओळखा.

आपली चूकही सांगतो. २००६ मध्ये मृतदेहांचे फोटो पत्रकांवर छापून वाटले, ई-मेलवर फिरवले. प्रत्येक भाषणात अत्याचाराचं वर्णन एक पायरी वर चढत गेलं. राग खरा होता. पण त्या आठवड्यात साक्षीदारांना दंडाधिकाऱ्यासमोर नेऊन जबाब नोंदवून घ्यावा, त्यांना गावाबाहेर सुरक्षित ठेवावं, शवविच्छेदनाच्या वेळी वकील उभा करावा, हे करायला आपल्याकडे माणसं किती होती? पुतळ्याला हार घालायला हजार आणि ठाण्यात रात्रभर बसायला दोन. आजही प्रमाण फार वेगळं नाही. २० जानेवारी २०१७ ला भैयालाल गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या सभा खूप झाल्या.

गेल्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्या एका ठाण्यात आम्ही एका मावशीसोबत गेलो होतो. धुऱ्यावरून तिच्या नवऱ्याचा हात मोडला होता. फिर्याद आधीच लिहून झाली होती, मारहाण आणि शिवीगाळ, बाकी काही नाही. आम्ही बाहेर बाकावर बसून तिला विचारलं, ‘मावशी, काय काय म्हणाले ते सांगितलं का?’ ती म्हणाली, ‘थे त् रोजचंच आहे जी, थे कायले लिहाचं?’ आम्ही बराच वेळ गप्प होतो. मुन्शीने गाळलं नव्हतं, तिने सांगितलंच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. मग ठाणेदारांकडे अर्ज दिला, उपविभागीय अधिकाऱ्यांना प्रत दिली, चौथ्या दिवशी पुरवणी जबाब झाला. वाचून दाखवा म्हटल्यावर मुन्शी वैतागला, पण त्याने वाचलं. एका ठिकाणी मावशीने त्याला थांबवलं आणि म्हणाली, ‘असं नाही म्हटलं त्यायनं,’ आणि नेमका शब्द सांगितला. त्याने तो खोडून पुन्हा लिहिला. ॲट्रॉसिटीची कलमं लागली. साठाव्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झालं की नाही हे पाहायला आम्ही कोर्टात गेलो, झालं नव्हतं. त्रेसष्टाव्या दिवशी झालं. आता तारखा सुरू आहेत. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, मावशीसोबत जायला दोन माणसं हवी आहेत.